दोन्हीकडची पूजा अहिरे

नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्यात पूजा अहिरेला सगळे ‘कॉलेजवाल्या मॅडम’ म्हणत आणि कॉलेजात तिच्याबरोबर संशोधन करणारी मंडळी ‘कंपनीवाली’ म्हणत. दोन्ही नावं लोकांनी कौतुकाने ठेवली आहेत, असं ती सुरुवातीला धरून चालली होती. पुढे पुढे तिला जाणवायला लागलं की दोन्ही नावांमागे एकच भाव होता, ही काही आपल्यातली नव्हे.

पूजा मूळची सटाण्याची. वडील नवनाथ अहिरे कांद्याचे व्यापारी, मार्केट यार्डात शब्दाला मान असलेले. मुलगी नाशकात राहून केमिकल इंजिनिअर झाली, नोकरीला लागली, इथपर्यंत त्यांचं काही म्हणणं नव्हतं. पण लागलेली नोकरी सोडून ती पीएच.डी. करायला परत कॉलेजात गेली, हे काही केल्या त्यांच्या गळी उतरेना.

“बेटा, तुनं शिकणं कधी सरी?” ते फोनवर विचारत.

“हे नुसतं शिकणं नाही आप्पा, मी कंपनीचंच काम करते.”

“मंग कंपनी तुले नोकरी काबर देत नही?”

व्यवस्थाच तशी होती. देवव्रत मुळे यांचा कारखाना विजेच्या सबस्टेशनसाठी लागणारे लहान ट्रान्सफॉर्मर बनवायचा. तांब्याच्या तारेचं वेटोळं साच्यात ठेवायचं, त्यावर रेझिन आणि दगडाची पिठासारखी बारीक पावडर यांचं घट्ट मिश्रण ओतायचं आणि भट्टीत भाजून काढायचं. उन्हाळ्यात माल उत्तम निघे. पावसाळा लागला की मिश्रणात हवेचे बुडबुडे अडकत. बुडबुडा वर असला तर तो भरून, घासून माल वाचवता यायचा. आत असला तर डोळ्यांना दिसतही नसे. मग टेस्टिंगला विजेचा दाब दिला की माल नापास. आषाढ-श्रावणात तर निम्म्याहून जास्त वेळ कारखाना नवीन माल बनवण्याऐवजी बिघडलेला निस्तरण्यातच घालवी.

डॉ. ढुंढिराज गायधनी हे पूजाचे गाईड. पंचवटीतलं घर, थोरले भाऊ रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करणारे, आणि हे मात्र आयुष्यभर प्लास्टिक आणि रेझिनच्या मागे लागलेले. कॉलेजातलं संशोधन कपाटात जातं आणि कारखान्यातली अडचण कारखान्यातच राहते, ही त्यांची जुनी खंत होती. उद्योजकांच्या एका बैठकीत त्यांची आणि मुळ्यांची गाठ पडली आणि करार झाला. कंपनीने पूजाला विद्यावेतन द्यायचं आणि प्रयोगासाठी मशिन मोकळी करून द्यायची. कॉलेजने प्रयोगशाळा आणि मार्गदर्शन द्यायचं. शेवटी कंपनीला उपाय मिळेल आणि पूजाला पदवी. संशोधन छापायचं तर आधी कंपनीची संमती घ्यायची, असंही त्यात होतं. ते तिघांनीही वाचलं होतं आणि संमती मिळेलच, असं तिघांनीही मनाशी धरलं होतं.

सुरुवातीचा काळ वाईट गेला. लाइनचा सुपरवायझर दिनेश हा काही माणूस म्हणून वाईट नव्हता, पण त्याला रोजचा आकडा वर कळवावा लागे.

“मॅडम, तुमचा प्रयोग सुरू झाला की माझं प्रॉडक्शन बंद पडतं,” तो एकदा सगळ्यांसमोर म्हणाला. “सायबांनी तुम्हाला प्रॉडक्शन वाढवायला आणलंय ना?”

तो खोटं बोलत नव्हता. पूजाला खात्री होती की दोष हवा खेचून घेणाऱ्या पंपात आहे. तिने पंप बदलायला लावला, नळ्या बदलायला लावल्या, त्यासाठी लाइन पुन्हा पुन्हा थांबवली आणि पावसाळा आला तसे मालात पुन्हा बुडबुडे आले. त्या वर्षी कारखान्याचं उत्पादन आधीपेक्षाही खाली गेलं. मुळे तिला काही बोलले नाहीत. येता-जाता हसून “कसं चाललंय?” विचारायचे तेवढं मात्र त्यांनी बंद केलं, आणि तेच तिला जास्त लागलं.

त्या दिवसांत तिला धीर दिला तो रीवर्कच्या टेबलाने. बिघडलेला माल दुरुस्त करायला कॉन्ट्रॅक्टरकडून आलेल्या बायका तिथे बसत. वरचे खड्डे भरायच्या, पॉलिश मारायच्या, अगदीच गेलेला माल फोडून तांबं काढून घ्यायच्या. त्यांतल्या लंकाबाई इगतपुरीकडच्या, आता अंबडशेजारच्या चुंचाळ्यात राहणाऱ्या, नवरा गेल्यापासून एकटीच्या हिमतीवर लेकीला नर्सिंगला शिकवणाऱ्या. पूजाला डबा आणायला सवड नसे हे त्यांच्या लक्षात आलं होतं. नागलीची एक भाकरी त्या जास्तीची आणायच्या आणि तिच्यापुढे सरकवायच्या.

“खाऊन घे ताई. उपाशी डोक्यात काय उजेड पडनार हाय?”

आपल्याला उजेड पडला तर ह्या टेबलाचं काय होईल, हे तेव्हा पूजाच्या मनातही आलं नाही.

उजेड पडला तो हळूहळूच. पंपाचा नाद सोडून तिने कच्च्या मालाकडे पाहायला घेतलं. पावडरीची पोती शेडमध्ये ताडपत्रीखाली असत. हाताला ती कोरडी लागे, पण प्रयोगशाळेत तापवून पुन्हा वजन केलं की वजन घटलेलं दिसे. त्या पिठाने हवेतला दमटपणा पोटात धरून ठेवलेला होता. गरम रेझिनमध्ये पडल्यावर त्याची वाफ होई आणि वाफेला बाहेर पडायला वाट मिळत नसे. पूजाने पोत्यांसाठी गरम खोली करून घेतली, पावडर किती तापवायची आणि किती वेळ ते ठरवलं, साचा आधी कितपत ऊन हवा आणि मिश्रण किती सावकाश ओतायचं हेही बसवलं. ह्यातली एक गोष्ट सुटली तरी बाकीच्यांचा उपयोग होत नव्हता. सगळ्या एकत्र जुळवून आणायला आणखी एक पावसाळा खर्ची पडला.

मग मात्र फरक असा पडला की दिनेशलाही आधी खरा वाटेना. बाहेर नाशिकचा पाऊस धो धो कोसळत होता आणि टेस्टिंगमधून माल एकामागून एक पास होऊन बाहेर येत होता. नवीन मशिन नाही, जास्तीची माणसं नाहीत, आणि तरी कारखान्यातून बाहेर पडणारा माल जवळजवळ दीडपट झाला. बडोद्याचं जे गिऱ्हाईक दर वर्षी उशिराबद्दल भांडायचं, त्याने ऑर्डर वाढवून दिली. दसऱ्याला मशिनींची पूजा झाली तेव्हा मुळ्यांनी नारळ पूजाच्या हातात दिला.

“ह्या वर्षी मान ह्यांचा,” ते म्हणाले. गायधनी सर मुद्दाम आले होते. त्यांचे डोळे भरून आलेले तिने पाहिले.

नारळ फोडून ती वळली तेव्हा रीवर्कच्या टेबलावर कुणी नव्हतं. सणाची सुट्टी असेल, असं तिला वाटलं. दिवाळी झाली, तरी टेबल रिकामंच.

“त्या बायका कुठे गेल्या?” तिने दिनेशला विचारलं.

“दुरुस्तीला मालच नाही मॅडम. कॉन्ट्रॅक्टरला सांगितलं, आता नको पाठवू म्हणून.” तो सहज बोलून गेला आणि मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून थांबला. “तुमच्यामुळे नव्हे हो. कामच तसं होतं.”

पूजा त्या रविवारी पत्ता विचारत चुंचाळ्यात गेली. लंकाबाईंनी चहा केला, लेकीला हाक मारून ओळख करून दिली. पूजाने काय बोलायचं ते वाटेत जुळवून ठेवलं होतं, पण समोर बसल्यावर ती लेकीच्या अभ्यासाचंच विचारत बसली.

लंकाबाईच म्हणाल्या, “मला वाईट नाय वाटलं ताई. माल चांगला निघतोय ते चांगलंच हाय. पन एक सांगू का? आमाला कुनी सांगितलं असतं ना, की बायांनो, पुढल्या वक्ताला तुमचं काम सरनार हाय, तर दुसरीकडं बघून ठेवलं असतं. आता सगळीकडची भरती होऊन बसली.”

पूजा घरी आली ती जेवलीच नाही. ती स्वतःला समजावत राहिली की आपण संशोधक आहोत, कुणाला ठेवायचं आणि कुणाला नाही हे आपल्या हातात नसतं. ते खरं होतं, पण त्याने तिचं समाधान झालं नाही.

पुढचा पेच लवकरच उभा राहिला. प्रबंध द्यायचा तर आधी शोधनिबंध छापून यायला हवा होता. पूजाने तो लिहिला आणि संमतीसाठी मुळ्यांकडे पाठवला. मुळ्यांनी तिला आणि सरांना ऑफिसात बोलावून घेतलं.

“सर, लेख उत्तम आहे,” ते म्हणाले. “म्हणूनच तो मला छापू देता येणार नाही.”

गायधनी सरांना आधी ही थट्टाच वाटली. “मुळेसाहेब, कंपनीचं नाव नाही घातलेलं.”

“नावाचा प्रश्न नाही. किती तापमान, किती वेळ, ओतायचं कसं, सगळं आहे त्यात. हाच माल बनवणारे ह्या एमआयडीसीतच किती आहेत, तुम्हाला माहीत आहे. पावसाळ्यात त्यांचा माल अडकतो आणि माझा जातो, ह्यावरच सध्या माझं चाललंय. झाकली मूठ सव्वा लाखाची, सर. ती मी स्वतःच उघडू?”

“आणि हिच्या इतक्या वर्षांचं काय?”

“त्यांना मी रिकाम्या हाती पाठवत नाही.” मुळे पूजाकडे वळले. “पूजा, तुम्ही इथेच या. कायम नोकरी, प्रोसेसचा सगळा विभाग तुमच्याकडे. मग पदवीची गरज काय उरते?”

“विद्यापीठ हे गुपितं सांभाळायला नसतं,” सर म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता.

“आणि कारखाना दानधर्माला नसतो,” मुळे शांतपणे म्हणाले.

दोघांचंही बोलणं पूजाला पटत होतं, हीच तर अडचण होती. ती म्हणाली, “करार झाला तेव्हा आपण तिघांनी फोटो काढला होता. हे तेव्हाच बोलायला हवं होतं. आता तुम्ही दोघं भांडताय आणि दोघांचंही काही जात नाहीये.”

दोघांनीही तिच्याकडे पाहिलं.

बाहेर आल्यावर जिन्यात सरांनी तिला थांबवलं. “अगं, आपण आकडे घालून पाठवून देऊ. फार तर काय, माझ्यावर ठपका येईल. मी आता निवृत्तच होतोय.”

“नको सर.”

“का नको? ज्ञान तुझं आहे.”

“माझं आहे, पण त्या लाइनवर उभं राहून मिळालंय. दिनेशने शिव्या खाऊन मला मशिन दिली होती. चोरून नाही पाठवायचं.”

आकडे वगळून लेख पाठवून पाहिला, तो परत आला. तपासणाऱ्यांनी नेमके तेच आकडे मागितले होते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. मुळ्यांची नोकरी तिने घेतली नाही. त्याचं कारण तिला आप्पांनाही नीट सांगता आलं नाही. मुळ्यांनी धास्ती घेऊन एव्हाना भट्टीच्या पॅनलवर कुलपाचं झाकण बसवलं होतं आणि सेटिंग फक्त ते आणि दिनेश जाणत. लाइनवरच्या माणसाने विचारलं तर ‘तू बटण दाब’ एवढंच सांगायचं ठरलं होतं. तिथे नोकरी करणं म्हणजे त्या झाकणाचं दुसरं कुलूप होणं, असं तिला वाटलं.

ती शहरातल्याच एका तंत्रनिकेतनात शिकवायला लागली. सर निवृत्त झाले. संशोधनाच्या नोंदणीची मुदत वाढवून मिळावी म्हणून तिने अर्ज केला. एकदा वाढ मिळाली, दुसऱ्यांदा मिळाली नाही, आणि तिचं नाव विद्यार्थ्यांमधून कमी झालं. त्या दिवशी ती वर्गावर गेली, तास घेतला, फळा पुसला.

त्यानंतरच्या पावसाळ्यात एक दिवस दिनेशचा फोन आला.

“मॅडम, माल पुन्हा नापास होतोय. सेटिंग तेच आहे, काटासुद्धा हलवलेला नाही. साहेब म्हणतात मीच काहीतरी बिघडवलं. जरा येऊन बघता का?” मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “माझी नोकरी जाईल.”

पूजाने मनाशी म्हटलं, आपला काय संबंध. आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती अंबडला गेली.

आत शिरताच पहिल्यांदा दिसलं ते रीवर्कचं टेबल. ते भरलं होतं. लंकाबाई पॉलिश मारत बसल्या होत्या, शेजारी पूर्वीचीच भागीबाई आणि आणखी दोघी. पूजाला पाहून लंकाबाई हसल्या, उठल्या आणि मग त्यांचं हसू मावळत गेलं.

“तुमी आलात होय,” त्या म्हणाल्या. पूर्वी त्या तिला अगं-तुगं करत. “म्हंजी आता माल पुन्हा चांगला व्हनार.”

पूजाला पुढे पाऊल टाकवेना. तिच्या मागे दिनेश उभा होता, त्याची नोकरी माल सुधारण्यावर टिकून होती. समोर ह्या बायका होत्या, त्यांची माल बिघडण्यावर. आल्या पावली परत जावं, असं तिला क्षणभर वाटून गेलं. मग ती पावडरीच्या पोत्यांकडे गेली.

कारण सापडायला वेळ लागला नाही. कंपनीने पावडरीचा पुरवठादार बदलला होता. नवीन पावडर जास्त बारीक होती, म्हणून जास्त दमटपणा धरत होती. तिला जास्त तापवायला हवं होतं. पण पावडर का तापवायची हेच लाइनवर कुणाला सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे पावडर बदलली तर तापवणंही बदलायला हवं, हे कुणाच्या डोक्यात येणार तरी कसं? दिनेशला आकडा ठाऊक होता, पण आकडा तिथे का, ते ठाऊक नव्हतं.

मुळे ऑफिसात एकटेच बसले होते. ते थकलेले दिसत होते. बडोद्याच्या गिऱ्हाइकाने माल परत केला होता.

पूजाने त्यांना सगळं सांगितलं. मग म्हणाली, “तुम्ही शेजाऱ्यांपासून झाकलंत ते मी समजू शकते. पण तुम्ही ते आपल्याच माणसांपासून झाकलंत. मूठ झाकलेली राहिली, पण आतलं शिळं झालं.”

“किती दिवस द्याल?” मुळ्यांनी विचारलं.

“द्यायला हरकत नाही. पण झाकण काढा. प्रत्येक शिफ्टच्या माणसांना मी शिकवणार, काय करायचं ते आणि का करायचं तेही. आणि पावडरीच्या खोलीत लक्ष ठेवायला कायमची माणसं लागतील. ती रीवर्कच्या टेबलावरून घ्या.”

“चौघींना काम नाही तिथे.”

“मग जितक्यांना आहे तितक्यांना.”

ते दोघींवर आले. पूजाने आणखी ओढून पाहिलं, पण ते पुढे सरकेनात. उठताना मुळे म्हणाले, “आणि तुमचा तो लेख. छापा आता. त्या जुन्या पावडरीच्या आकड्यांत आता काय राहिलंय?”

ह्या एका वाक्यावाचून तिची पदवी गेली होती. आणि ते त्यांनी चहाचा कप बाजूला सारावा इतक्या सहज म्हटलं. तिला राग यायला हवा होता, पण आला तो नुसता थकवा. “बरं,” एवढंच ती म्हणाली.

तिने शिकवलं. दिनेश पुढच्या रांगेत बसला आणि इतके प्रश्न विचारले की शेवटी बाकीचे वैतागले. लंकाबाईंना आणि आणखी एकीला पावडरीच्या खोलीत घेतलं. पावडरीचा नमुना तापवून वजन करायला त्या शिकल्या, सुरुवातीला चुकल्या, मग जमलं. पाऊस ओसरायच्या आत माल सुधारला. भागीबाई आणि चौथी बाई घरी गेल्या. जाताना भागीबाईने सगळ्यांचा निरोप घेतला, पूजाच्या जवळून मात्र ती न बोलता निघून गेली.

लेख छापून आला. पूजाने त्याचा अंक पंचवटीत सरांच्या घरी नेऊन दिला. सरांनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

“पुन्हा नोंदणी कर,” ते म्हणाले. “नवा गाईड बघ. मी शब्द टाकतो.”

“बघते सर,” ती म्हणाली. मनातून तिला माहीत नव्हतं की ती करील की नाही.

तंत्रनिकेतनाच्या प्राचार्यांना कुठून तरी ही हकिकत कळली. त्यांनी मुळ्यांशी बोलून आपल्याही विद्यार्थ्यांना कारखान्यात पाठवायचं ठरवलं. उत्पादन वाढेल, मुलांना अनुभव मिळेल, सगळ्यांचं भलं. बोलणी करायला पूजालाच पाठवलं. मुळ्यांसमोर बसल्यावर तिने सगळ्यात आधी विचारलं की मुलांच्या प्रयोगाने ज्यांचं काम कमी होईल, त्यांना कुठे घ्यायचं, हे आधी ठरवून लिहायचं का, आणि छापण्याचं काय ते आत्ताच बोलायचं का.

छापण्याचं त्यांनी लगेच मान्य केलं. पहिल्या प्रश्नावर म्हणाले, “ते बघू.”

पूजाने तो प्रश्न पुढच्या बैठकीतही काढला, आणि त्याच्या पुढच्याही. अजून त्यांचं उत्तर ‘बघू’ असंच आहे. दर गुरुवारी ती विद्यार्थ्यांना घेऊन अंबडला जाते. लाइन दाखवायच्या आधी ती त्यांना कारखान्यातल्या प्रत्येक टेबलापाशी नेते आणि तिथे बसलेल्या माणसाचं नाव विचारायला लावते. मुलं लाजत विचारतात. कुणी सांगतं, कुणी मान वर न करता काम करत राहतं.